निर्यातीच्या ड्रमला कागद, आमच्या कॅनला काय? : एक खुले पत्र

प्रति,
महासंचालक, भारतीय मानक ब्युरो, नवी दिल्ली
सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय : घरगुती सफाईच्या द्रव्यांमधल्या विषारी अशुद्धींची तपासणी

सप्रेम नमस्कार.

आपणा दोघांची कार्यालयं वेगळी, कायदे वेगळे, तरी पत्र एकच लिहितो आहे. आपल्यापैकी एकाकडे बाटलीचं तोंड आहे, दुसऱ्याकडे गटाराचं. झाकण उघडल्यापासून फेस मोरीच्या जाळीतून खाली जाईपर्यंत माझ्या घरात जे काही होतं, ते मात्र कोणाच्याच वहीत नाही. गेल्या आठ महिन्यांत मी तीन सरकारी कार्यालयांच्या पायऱ्या चढलो. त्यांची नावं घेत नाही. तिथली माणसं नीट बोलली, एकाने चहाही पाजला. पण पहिल्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो.

मी कोपरखैरण्यात राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये एकतीस वर्षं काढली. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण त्याने एकही कायदा मोडला नव्हता, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. आम्ही एसएलईएस (सोडियम लॉरिल इथर सल्फेट) बनवायचो. शाम्पू, हँडवॉश, भांड्यांचं लिक्विड, कपड्यांचं लिक्विड यांना येणारा फेस बराचसा त्याच्या जोरावर असतो. खोबरेल किंवा पामतेलापासून काढलेलं अल्कोहोल घ्यायचं, त्याला इथिलीन ऑक्साईड जोडायचं, मग सल्फर ट्रायऑक्साईडने सल्फेट करायचं आणि कॉस्टिक सोड्याने शमवायचं. हाती येते ती सत्तर टक्क्यांची पेस्ट, व्हॅसलीनसारखी चकचकीत. या सल्फेशनमध्ये वायूचं प्रमाण किंवा तापमान जरा वर सरकलं, की इथिलीन ऑक्साईडचे दोन तुकडे साखळीतून सुटतात, एकमेकांना कडी घालतात आणि १,४-डायॉक्सेन तयार होतं. ते कोणी मुद्दाम घालत नाही, म्हणून ते घटकांच्या कोणत्याच यादीत येत नाही. (हे डायॉक्सिन नव्हे. नावं सारखी, पदार्थ वेगळे. पुढची भांडणं टाळण्यासाठी आधीच सांगून ठेवतो.) जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते २-ब गटात ठेवलं आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत.

आमच्या टेबलावर दोन प्रकारची सॅम्पलं यायची. लॉट परदेशी जाणारा असेल तर गिऱ्हाइकाच्या अटींमध्ये डायॉक्सेनची मर्यादा लिहिलेली असायची. मग पेस्ट छोट्या कुपीत घालायची, कुपी घट्ट बंद करून तापवायची, वर जमलेली वाफ सुईने ओढून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वाफेतले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडायची. आकडा जास्त आला तर लॉट परत प्लँटमध्ये जायचा. तिथे हवेचा दाब उतरवून वाफेने ती पेस्ट धुऊन काढायची, स्ट्रिपिंग म्हणतात त्याला. पुन्हा सॅम्पल, पुन्हा आकडा, मग सर्टिफिकेटवर माझी सही.

देशात राहणाऱ्या लॉटच्या सर्टिफिकेटवरही माझीच सही असायची. त्यावर सक्रिय घटक किती टक्के, पीएच (आम्ल-अल्कपणा) किती, मीठ किती, रंग कसा, एवढंच. डायॉक्सेनची ओळच नव्हती. मशीन तेच, माणूस तोच. इथल्या गिऱ्हाइकाने विचारलं नाही आणि कायद्यानेही विचारलं नाही. अशा किती कागदांवर सह्या केल्या ते मोजलं नाही. त्या सह्यांचं देणं अजून माझ्या डोक्यावर आहे.

बरं, ही सवय एका कारखान्याची म्हणावी तर तसंही नाही. गाम्बियातल्या बालमृत्यूंनंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांबद्दल इशारा दिला. डायइथिलीन ग्लायकॉल ही त्यातली घातक अशुद्धी. त्यानंतर नियम आला : १ जून २०२३ पासून निर्यातीच्या कफ सिरपला सरकारमान्य प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र हवं. निर्यातीच्या. पुढे २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याची लेकरं गेली, ती देशातच विकल्या गेलेल्या सिरपने, आणि विष तेच.

भांड्यांचं लिक्विड कोणी पीत नाही, हे मला कळतं. सिरपची आणि साबणाची बरोबरी मी करत नाही. डायॉक्सेनचं प्रमाण दशलक्षात काही भाग असं असतं, आणि एक ताट घासल्याने कोणाला काही होत नाही. घाबरवणारे संदेश फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी मी नाही. पण रोज, आयुष्यभर, आणि प्रत्येक घरातून, असा हिशोब केला की छोटा आकडा छोटा राहत नाही. न्यूयॉर्क राज्याने हाच हिशोब केला. तिथल्या लाँग आयलंडचं पिण्याचं पाणी जमिनीखालून येतं, आणि त्यात डायॉक्सेन सापडू लागलं. २०१९ मध्ये कायदा झाला. घरगुती सफाईच्या द्रव्यांत ३१ डिसेंबर २०२२ पासून दशलक्षात २ भाग आणि ३१ डिसेंबर २०२३ पासून दशलक्षात १ भाग, यापेक्षा जास्त चालणार नाही. पिण्याच्या पाण्यासाठी २०२० मध्ये अब्जात १ भाग ही मर्यादा ठरली. कारखानदारांनी कुरकुर केली, मुदतवाढी मागितल्या. पण जे तंत्र आमच्याकडे निर्यातीच्या ड्रमसाठी वापरलं जातं, तेच वापरून आकडा खाली आणता येतो, हे या धंद्यातल्या कोणालाही माहीत आहे.

आता आमच्या कॅनकडे येतो.

आमच्या सोसायटीत शनिवारी सकाळी टेम्पो येतो. "फिनेल, ॲसिड, लिक्विड सोप!" जिने, लॉबी आणि क्लब हाउससाठी सोसायटी पाच-पाच लिटरचे कॅन घेते, निम्मे रहिवासीही घरासाठी घेतात. मीही घेत होतो. आमच्या जिन्यांचं काम आणि चार घरांची भांडी करणाऱ्या मावशी तुर्भे स्टोअरहून येतात. डिसेंबरात त्यांच्या बोटांच्या बेचक्यात चिरा पडल्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही साबणाच्या कंपनीत होता ना? मग हे कशानं होतं ते सांगा." घरात जुन्या पीएच पट्ट्या पडल्या होत्या. एक कॅनमध्ये बुडवली, ती गडद निळी झाली. ॲसिड स्लरी (स्वस्त लिक्विडचा आम्लधर्मी कच्चा माल) शमवताना कॉस्टिक जास्त पडलेलं, एवढं पट्टीने कळलं. मावशींचे हात त्यानेच फाटले असावेत. त्याचा दोष डायॉक्सेनवर ढकलणं खोटेपणाचं होईल. पण पट्टीने कळलं ते तेवढंच. एवढ्याशा प्रमाणात ज्याचा वास येत नाही, ज्याला रंग नाही, जे हाताला झोंबत नाही, ते पट्टीला दिसत नाही. हातमोजे आणून दिले, तर ओलं भांडं हातातून सटकतं म्हणून ते मोरीच्या खिळ्याला लटकताहेत.

पुढच्या शनिवारी टेम्पोवाल्याला विचारलं, "याचं टेस्ट सर्टिफिकेट मिळेल का?" तो म्हणाला, "कागद कसला साहेब, फेस बघा की!" आणि लिटरमागे पाच रुपये कमी केले.

या फेसाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. फेस आणि सफाई यांचा संबंध आपण समजतो तितका नाही. लिक्विड दाट असलं की ते कसदार, हाही आपला समज. एसएलईएसचं पातळ द्रावण घ्या, त्यात ओंजळभर साधं मीठ टाका, बघता बघता ते घट्ट होतं. हा चमत्कार मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी करून दाखवायचो. म्हणजे ज्या दोन खुणांवर घरातली बाई लिक्विड पारखते, त्यातली एक सफाईबद्दल फारसं सांगत नाही आणि दुसरी दोन रुपयांच्या मिठाने आणता येते. पारखायची तिसरी खूण तिच्या हातात कोणी दिलेलीच नाही.

माझ्या तक्रारी आता एकेक मांडतो.

सगळ्यात आधी लेबल. एकाच ड्रममधली पेस्ट शाम्पूच्या बाटलीत गेली की ते सौंदर्यप्रसाधन ठरतं, त्याला २०२० चे नियम लागू होतात, परवाना लागतो, घटकांची यादी छापावी लागते. फिनेलसारख्या जंतुनाशकांसाठी औषध नियमांत 'ओ' नावाचं वेगळं परिशिष्ट आहे. तीच पेस्ट भांड्यांच्या लिक्विडमध्ये गेली की ती कोणाचीच नाही. २०११ च्या वेष्टनाच्या नियमांप्रमाणे वजन, किंमत, महिना, उत्पादकाचं नाव-पत्ता छापला की काम झालं. आत काय आहे हे सांगायची सक्ती नाही. टेम्पोतल्या कॅनवर तर नाव-पत्ताही नसतो, एका पिवळ्या कागदावर लिंबाचं चित्र असतं.

दुसरी तक्रार थेट मानक ब्युरोकडे. २०१६ च्या आपल्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे जनहितासाठी एखाद्या वस्तूवर मानकचिन्ह बंधनकारक करता येतं. प्रेशर कुकरवर आहे, हेल्मेटवर आहे, खेळण्यांवर आहे. कुकर बंधनकारक, पण तो ज्याने घासायचा ते लिक्विड मर्जीवर. आदेश केंद्र सरकार काढतं हे मला माहीत आहे, पण मानक आपण लिहिता आणि शिफारस आपण करता. १९९१ पासून पर्यावरणस्नेही मालासाठी इकोमार्क नावाची योजनाही आहे, साबण आणि डिटर्जंट त्यात पहिल्यापासून आहेत. बाजारात ते मडक्याचं चिन्ह असलेली बाटली मी शोधून थकलो.

तिसरी गोष्ट, डायॉक्सेन एकटं नाही. लिक्विड दाट करायला आणि फेस टिकवायला नारळाच्या तेलापासून बनवलेलं सीडीईए घालतात. त्यात सुटं उरलेलं डायइथेनॉलअमाइन नायट्राइटच्या संपर्कात आलं की नायट्रोसअमाइन, म्हणजे कर्करोगाशी जोडलेल्या कुळातलं रसायन, तयार होऊ शकतं. २०१८ मध्ये रक्तदाबाच्या गोळ्यांत याच कुळातलं रसायन सापडलं, तेव्हापासून औषध कारखाने अब्जात भाग मोजू लागले आहेत. फॉर्मलीन, म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, काही जण टिकाऊपणासाठी घालतात, आणि फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणारं म्हणून त्याच संस्थेच्या पहिल्या गटात आहे. नॉनिल फिनॉल इथॉक्सिलेट हे मळ सोडवणारं द्रव्य युरोपने सफाईच्या द्रव्यांतून २००५ पासून जवळजवळ हद्दपार केलं, कारण पाण्यात ते तुटून जे उरतं ते माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं. आमच्याकडे कच्च्या मालाच्या दुकानात ते नावाने मागितलं की मिळतं.

चौथी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. आपल्या संमतीपत्रांत कारखान्याच्या सांडपाण्याचा पीएच, बीओडी, सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याची मापं) सगळं असतं. पण साबणाच्या कारखान्याचा खरा माल कारखान्याच्या नाल्यातून जातच नाही, तो लाखो घरांच्या मोऱ्यांतून जातो. डायॉक्सेनची खोड अशी की ते पाण्यात पूर्ण मिसळतं, मलप्रक्रिया केंद्रातले जिवाणू ते सहजी खात नाहीत, आणि कार्बनच्या गाळणीतूनही ते बरंचसं निसटतं. पाण्याच्या आसपासच, १०१ अंशांवर उकळतं, म्हणून घरी पाणी उकळूनही भरवसा नाही. आता नवी मुंबईची गोष्ट पाहा. आमचं पिण्याचं पाणी मोरबे धरणाचं, त्याबाबत आम्ही नशीबवान. पण वापरलेलं पाणी कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या केंद्रांत आणखी शुद्ध करून टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या, कारखान्यांना देण्याचं काम महापालिकेने हाती घेतलं आहे. काम उत्तमच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. मात्र पाणी जितकं पुन्हा फिरवाल तितकं न तुटणारं रसायन महत्त्वाचं ठरतं. उरलेलं पाणी जातं ठाण्याच्या खाडीत. तिथे २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, डिटर्जंटसाठी लिटरला ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे फेस करणारं द्रव्य मोजायचं आपल्याला सुचलं. त्याच्या पाठीवर बसून येणारं डायॉक्सेन त्या यादीत नाही.

पाचवी तक्रार माझ्यासारख्या साध्या माणसाची, आणि मला ती सगळ्यात जास्त लागते. तुपात भेसळीचा संशय आला तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कोणीही गिऱ्हाईक शुल्क भरून ते तपासून घेऊ शकतं. औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात कलम २६ तीच सोय देतं. म्हणजे तूप तपासता येईल, गोळी तपासता येईल, शाम्पूही तपासता येईल. भांड्यांचं लिक्विड नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात आयोग सॅम्पल प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण त्यासाठी आधी मालात दोष असल्याची तक्रार हवी, आणि दोष आहे हे कळायला आधी चाचणी हवी. खासगी प्रयोगशाळेत विचारलं. तीन रसायनांच्या चाचणीचा आकडा ऐकून आमचे खजिनदार म्हणाले, "काका, एवढ्यात वर्षभराचं लिक्विड येतं." सभेत ठराव नापास झाला, सतरा विरुद्ध चार. त्या चारांत एक मी आणि एक आमची ही.

आमच्या कॅनमध्ये डायॉक्सेन आहे असा माझा आरोप नाही. नाही असंही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण ते कोणी मोजलेलंच नाही.

आता मागण्या. अवाजवी एकही नाही.

घरगुती सफाईच्या प्रत्येक द्रव्यावर, सुट्या कॅनवरही, घटकांची पूर्ण यादी आणि बॅच नंबर छापणं सक्तीचं करा. अक्षरं भिंगाशिवाय वाचता यावीत, आणि महाराष्ट्रात मराठीत असावीत. मावशींना वाचता येतं, त्या रोज पेपर वाचतात.

मानक ब्युरोने या द्रव्यांसाठी अशुद्धींच्या मर्यादा ठरवाव्यात आणि त्या बंधनकारक करण्याची शिफारस करावी. सुरुवात डायॉक्सेन, सुटं फॉर्माल्डिहाइड, नायट्रोसअमाइन आणि नॉनिल फिनॉल इथॉक्सिलेट यांपासून करा. एका रात्रीत नको. न्यूयॉर्कने टप्पे दिले, आपणही द्या. पण टप्प्यांवर तारखा असू द्या.

इथे एक कळकळीची विनंती. हा नियम करताना दिघ्यातल्या गाळ्यात दोन ड्रम आणि एक ढवळणी घेऊन धंदा करणाऱ्याला आधी चिरडू नका. तपासणी निघाली की पहिली धाड त्याच्यावर पडते, हे आम्ही पाहिलं आहे. डायॉक्सेन त्याच्या गाळ्यात तयार होत नाही, ते सल्फेशनच्या प्लँटमध्ये तयार होतं. गाळे असंख्य आहेत, असे प्लँट मोजके. तेव्हा पेस्टच्या ड्रमपाशीच चाचणी सक्तीची करा आणि ड्रमचं सर्टिफिकेट ड्रमबरोबर गाळ्यापर्यंत जाऊ द्या. गाळेवाल्याने फक्त ते जपून ठेवायचं आणि मागितलं तर दाखवायचं. कॉस्टिक किती घालायचं आणि पीएच कसा बघायचा, याचं दोन दिवसांचं शिक्षण त्याला द्या. मी फुकट शिकवायला तयार आहे.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा महापेला आहे, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. तिथे कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या केंद्रांत येणारं आणि तिथून बाहेर पडणारं पाणी दर महिन्याला डायॉक्सेनसाठी तपासा, वर्षभर. आकडे संकेतस्थळावर टाका. चांगले निघाले तर मीच पेढे वाटेन.

दुकानांतून, ऑनलाइन आणि टेम्पोवरून सॅम्पलं उचला, आणि निकाल ब्रँडच्या नावानिशी, बॅच नंबरासह जाहीर करा. मोठ्या कंपन्यांना यातून सूट नको. जाहिरातीतली नटी हातात बाटली धरून हसते, म्हणून ती बाटली तपासलेली असते असं नाही.

आणि तुपाला आहे तीच सोय लिक्विडला द्या. परवडेल असं शुल्क, ठरलेली खिडकी, तीस दिवसांत लेखी निकाल.

मी शेवटचा घेतलेला कॅन अजून बंद आहे. झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर तारीख आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आहेत, जुनी सवय. तो माळ्यावर अंधारात ठेवला आहे. कोणत्या कार्यालयात, कोणत्या खिडकीवर, किती शुल्क भरून जमा करायचा, तेवढं लेखी कळवावं.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट,
कोपरखैरणे, नवी मुंबई